शब्दांच्या जोड्या हा श्रीमंतांचा शौक नव्हे

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी कसं शिकवावं हा विषय निघाला की एक मत हमखास मांडलं जातं. मांडणारे सुशिक्षित असतात, पुष्कळदा स्वतः शिक्षक असतात आणि त्यांचा हेतूही वाईट नसतो. ते म्हणतात, मुलांचं व्याकरण पक्कं करून घ्या, रोज दहा शब्द अर्थासकट पाठ करायला लावा, बाकी सगळं आपोआप येतं. कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो हे शिकवत बसणं म्हणजे वेळेची नासाडी आहे. चहा 'स्ट्राँग' असतो पण 'पॉवरफुल' नसतो, असल्या गोष्टींना ना शेंडा ना बुडखा. ती साहेबाच्या जिभेची सवय आहे, तिच्यामागे आपण का धावायचं? समोरच्याला अर्थ कळला म्हणजे झालं.

हे मत साफ चुकीचं आहे. ज्या मुलांच्या कळवळ्यापोटी ते मांडलं जातं, त्याच मुलांचं ते सर्वांत जास्त नुकसान करतं. म्हणून त्याचा मुद्देसूद समाचार घ्यायला हवा. त्यासाठी अवघड, पंडिती शब्दाची गरज नाही. शब्दकोशात ज्याच्यापुढे 'साय, मलई' एवढंच लिहिलेलं असतं आणि पाचवीतल्या मुलालाही जो येतो, तो 'क्रीम' हा शब्द घेऊ. नुसता अर्थ माहीत असल्याने माणूस कुठवर पोचतो ते पाहू.

पहिला दावा असा, की अर्थ कळला म्हणजे झालं.

केकची कुठलीही इंग्रजी कृती उघडा. सुरुवातीलाच बहुधा वाक्य असतं, 'क्रीम द बटर अँड शुगर'. क्रीम म्हणजे साय एवढंच ज्याला शिकवलं आहे, तो आता साय शोधायला लागेल. पण इथे सायीचा थेंबही लागत नाही. मऊ लोणी आणि साखर एकत्र घेऊन, मिश्रणाचा रंग फिकट होऊन ते हलकं होईपर्यंत फेटत राहायचं, असा त्या वाक्याचा अर्थ आहे. फेटताना साखरेचे कण लोण्यात हवेच्या बारीक पोकळ्या तयार करतात आणि पुढे भट्टीत त्याच पोकळ्या फुगून केक वर येतो. हा सगळा अर्थ 'क्रीम' या शब्दाला शेजारच्या लोणी-साखरेने दिला आहे. शेजार काढून घ्या, अर्थ उरतच नाही.

'क्रीम टी' घ्या. शब्दाला शब्द लावला तर साय घातलेला चहा होतो, आणि आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे मलई मारलेला चहाच येतो. इंग्लंडच्या डेव्हन आणि कॉर्नवॉल या भागांत मात्र त्याचा अर्थ दुपारचं एक ठरावीक खाणं असा आहे. दूध घातलेला साधा चहा, सोबत स्कोन नावाची छोटी भाजलेली पावासारखी भाकर, जॅम आणि घट्ट साय. स्कोनवर आधी साय लावायची की आधी जॅम, यावरून त्या दोन परगण्यांत जुना वाद आहे. डेव्हनवाले आधी साय लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. चहाच्या कपात साय कुणीच घालत नाही. 'क्रीम ऑफ टार्टर' तर दुधाच्या गावालाही गेलेलं नसतं. द्राक्षाच्या वाइनच्या पिंपांत आतल्या बाजूला जो क्षार साचतो, त्याची ती शुद्ध केलेली पूड. अंड्यातला पांढरा भाग फेटताना फेस टिकावा म्हणून ती चिमूटभर घालतात.

आणखी एक जोडी पाहा. 'क्लॉटेड क्रीम' आणि 'कर्डल्ड क्रीम'. शब्दकोशातून अर्थ काढला तर दोन्हींचा अर्थ गुठळ्या झालेली साय असाच निघेल. पहिली साय मंद आचेवर कित्येक तास तापवून आणि मग सावकाश थंड करून मुद्दाम तयार करतात. तिच्यावर सोनेरी पापुद्रा येतो. कॉर्नवॉलच्या अशा सायीला युरोपात १९९८ साली भौगोलिक ओळखीचं कायदेशीर संरक्षण मिळालं आणि तिच्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. दुसरी साय म्हणजे फाटलेली, वाया गेलेली. तसंच 'सावर क्रीम' म्हणजे विरजण लावून मुद्दाम आंबवलेली साय. तीच साय 'गॉन ऑफ' असेल तर ती मोरीत ओतायची. एक पदार्थ पैसे मोजून घ्यायचा आणि दुसरा टाकून द्यायचा, इतका मोठा फरक असताना 'अर्थ कळला' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दुसरा दावा असा, की या जोड्यांना तर्क नाही आणि ज्याला तर्क नाही ते शिकवता येत नाही.

या जोड्यांमागे तर्क नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या कुठून आल्या ते पाहिलेलं नसतं. सायीबरोबर इंग्रजीत 'स्किम' हे क्रियापद येतं, कारण शेकडो वर्षं दूध पसरट, उथळ भांड्यांत ठेवून द्यायचे, साय वर आली की चपट्या झाऱ्याने ती अलगद काढून घ्यायचे. १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी दूध गरगर फिरवून साय वेगळी करणारं यंत्र बनवलं आणि डेअऱ्यांतलं हे झाऱ्याचं काम संपलं. शब्द मात्र टिकून राहिला. साय काढून घेतलेल्या दुधाला आजही 'स्किम्ड मिल्क' म्हणतात. आपल्या दुकानांतल्या पिशव्यांवरही तेच छापलेलं असतं. जोडी लक्षात ठेवणं म्हणजे ती रीत लक्षात ठेवणं. मापाच्या शब्दांतही पदार्थाचं ज्ञान असतं. 'अ डॅश ऑफ क्रीम' म्हटलं की ती पातळ, ओतण्याजोगी साय, कॉफीत किंवा सूपमध्ये जराशी सोडलेली. 'अ डॉलप ऑफ क्रीम' म्हटलं की चमच्यातून सुटून पदार्थावर तशीच बसून राहील इतकी घट्ट. साय किती दाट आहे हे त्या एका शब्दाने आधीच सांगून टाकलेलं असतं.

काही जोड्यांत तर्क खरोखरच चालत नाही, आणि त्या तर आवर्जून शिकवायला हव्यात. अमेरिकेत स्निग्धांश जास्त असलेल्या सायीला 'हेवी क्रीम' म्हणतात. हेवी म्हणजे जड. पण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून तर साय दुधावर तरंगते. स्निग्धांश जितका जास्त तितकी साय हलकी. लिटरभर 'हेवी क्रीम' आणि लिटरभर 'लाइट क्रीम' तराजूत घातलं तर 'हेवी' नावाचं पारडंच वर जाईल. ब्रिटनमध्ये 'सिंगल क्रीम'मध्ये किमान १८ टक्के स्निग्धांश लागतो. मग 'डबल' म्हणजे दुप्पट, ३६ टक्के? नाही, ४८ टक्के. अमेरिकेच्या 'हेवी क्रीम'ला मात्र किमान ३६ टक्केच लागतात. शब्दार्थ आणि व्याकरण या दोनच साधनांवर सोडलेला विद्यार्थी इथे कितीही हुशार असला तरी चुकणारच. जिथे डोकं लढवून उत्तर सापडत नाही, तिथे ते 'आपोआप येईल' म्हणणं म्हणजे त्या विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडणं.

चुकीची किंमत काय असते ते ओट्यापाशी उभं राहून पाहू. एका मुलीला ऑर्डरचा केक सजवायचा आहे, कृतीत 'व्हिप द हेवी क्रीम टु स्टिफ पीक्स' लिहिलं आहे. दुकानातून 'फ्रेश क्रीम'चं पाकीट आणलं जातं. ताजी साय म्हणजे उत्तमच असणार, असं शब्दार्थ सांगतो. आपल्याकडे या नावाने मिळणाऱ्या पाकिटांत साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. भाजीच्या रश्श्यात किंवा दाल मखनीत घालायला ती साय अगदी योग्य आहे. पण फेटून फेस उभा राहायचा तर स्निग्धांश निदान ३० टक्के हवा, ३५ असला तर बरं, आणि सायही फ्रिजमधून काढलेली, गार हवी. फेटताना स्निग्धांशाच्या गोळ्यांवरचं आवरण ठिकठिकाणी फाटतं, गोळ्या एकमेकींना चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती त्यांचं कडं तयार होतं. फेस उभा राहतो तो त्या कड्याच्या बळावर. साय कोमट असेल तर स्निग्धांश वितळतो आणि कडं धरत नाही, साय पातळ असेल तर कडं करायला गोळ्याच पुरत नाहीत. म्हणून यंत्र कितीही वेळ फिरवलं तरी भांड्यात पांढरं पाणीच हलत राहतं. योग्य सायीत मात्र आधी 'सॉफ्ट पीक्स' येतात, म्हणजे फेटणी वर उचलली की उभं राहिलेलं टोक हळूच वळतं. मग 'स्टिफ पीक्स' येतात, टोक ताठ राहतं. त्यापुढेही फेटत राहिलं की साय फुटून लोणी आणि पाणी वेगळं होतं. 'हेवी', 'व्हिप', 'सॉफ्ट', 'स्टिफ' या चार शब्दांनी ही सगळी वाट आखून दिलेली असते. त्या जोड्या माहीत नसलेल्या मुलीचा कच्चा माल वाया जातो, ऑर्डर जाते आणि आपल्याला हे काम जमत नाही असा समज मनात घर करतो. काम तिला येत असतं. तिला जोड्या कुणी सांगितलेल्या नसतात.

तिसरा दावा असा, की हे सगळं स्वयंपाक्यांसाठी ठीक आहे, सामान्य माणसाला काय करायचं आहे?

सामान्य माणूस औषधाच्या दुकानात जातोच ना? खाजेवर, पुरळावर मिळणारी ट्यूब आणि तिच्यासोबतचा घडीचा कागद घ्या. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं, 'अप्लाय स्पेअरिंगली'. दुसऱ्या एखाद्या क्रीमवर, विशेषतः कोरड्या त्वचेच्या किंवा उन्हापासून बचावाच्या, 'अप्लाय लिबरली' असतं. ज्याला 'अप्लाय' म्हणजे 'लावणे' एवढंच माहीत आहे, तो दोन्ही सारखीच लावणार. पण स्टेरॉइड असलेल्या क्रीमबाबत 'स्पेअरिंगली' हा शब्द सूचनेचा गाभा आहे. पातळ थर द्यायचा, ठरलेल्या दिवसांपलीकडे लावायचं नाही. त्याचं प्रमाणही ठरलेलं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की ते सुमारे अर्धा ग्रॅम होतं, आणि तेवढं क्रीम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. याहून जास्त, आणि दिवसच्या दिवस चोळत राहिलं तर त्वचा पातळ होते. गजकर्णावर नुसतं स्टेरॉइडचं क्रीम लावलं तर लाली ओसरल्यासारखी दिसते आणि आत संसर्ग पसरत जातो. हा कागद वाचणाऱ्याला 'स्पेअरिंगली' म्हणजे काय ते कळायला हवं की नको? भाषेचा एवढा उपयोग ज्याला अनावश्यक वाटतो, त्याने आवश्यक काय ते एकदा सांगावं.

चौथा दावा सर्वांत आवेशाने केला जातो. साहेबाच्या शब्दजोड्या गिरवणं ही गुलामी आहे, आपलं इंग्रजी आपलं असलं पाहिजे, असं म्हणतात.

साहेब कोण, हे आधी ठरवावं लागेल. ब्रिटन 'डबल क्रीम' म्हणतं, अमेरिका 'हेवी क्रीम' म्हणते आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत सायीची वर्गवारी तिसरीच आहे. तिथे कमी, मध्यम आणि जास्त स्निग्धांशाची साय अनुक्रमे किमान २५, ४० आणि ६० टक्क्यांची. म्हणजे जोड्या शिकणं म्हणजे लंडनपुढे मान तुकवणं नाही. आपण कुणाशी, कुठे, कशाबद्दल बोलतो आहोत ते ओळखणं आहे.

आणि आपल्या इंग्रजीत जोड्या नाहीत असं कुणी सांगितलं? 'क्रिमी लेयर' ही जोडी भारताच्या कायद्यात रुजली आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने इतर मागासवर्गीयांमधल्या पुढारलेल्या थराला आरक्षणातून वगळायला सांगितलं. त्यानंतर १९९३ साली केंद्राने आदेश काढून निकष ठरवले, तेव्हा उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये होती. २०१७ पासून ती आठ लाख आहे. त्या आदेशाप्रमाणे ही मर्यादा तपासताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न त्यात मिळवायचं नसतं. दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रासाठी रांगा लागतात. रांगेतल्या आई-वडिलांना 'क्रिमी' म्हणजे सायीसारखा आणि 'लेयर' म्हणजे थर हे सांगून काय मिळणार? बापाचा पगार धरायचा की नाही, यावर पोराचा प्रवेश ठरतो, आणि ते उत्तर दोन शब्दांच्या अर्थांची बेरीज करून येत नाही. ही जोडी कुठल्या साहेबाने लादलेली नाही. ती आपल्या न्यायालयाने आणि आपल्या कचेऱ्यांनी रूढ केली. देशी इंग्रजीचा अभिमान खरा असेल तर त्या इंग्रजीच्या जोड्या पाठ्यपुस्तकांत आल्या पाहिजेत. जोड्याच नकोत म्हणणं हा त्या अभिमानाचा मार्ग नव्हे.

समाजावर परिणाम करण्याची ताकदही या जोड्यांत असते. 'फेअरनेस क्रीम' ही जोडी आपल्याकडे काही दशकं घरोघर बोलली गेली, लग्नाच्या वयाच्या मुलींच्या मनावर तिने ओरखडे काढले. २०२० साली या व्यवसायातल्या सर्वांत मोठ्या नाममुद्रेने आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द काढला. 'क्रीम' तसंच राहिलं. लोकांचा राग शेजारी बसवलेल्या शब्दावर होता. शब्दाच्या सोबतीला महत्त्व नसतं तर कंपनीने इतकी वर्षं रुजवलेलं नाव बदललं असतं का?

शेवटचा दावा असा, की हे मुलांना झेपणार नाही, घोकंपट्टी वाढेल.

घोकंपट्टी आजच चालू आहे. रोज दहा सुटे शब्द आणि त्यांपुढे एकेक मराठी अर्थ, ही घोकंपट्टी नाही तर काय आहे? मूल आपली भाषा अशी शिकत नाही. मराठी घरातल्या मुलाने 'साय' हा शब्द कधी सुटा ऐकलेला नसतो. दुधावर साय धरते, साय काढून ठेवतात, ती विरजतात, विरजलेली साय घुसळतात, गार पाणी घातलं की लोणी जमून येतं, लोणी कढवलं की तूप होतं. धरणे, काढणे, विरजणे, घुसळणे, कढवणे ही क्रियापदं कोणत्या क्रमाने आणि कशासोबत येतात हे त्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही, आणि तरी ते कधी चुकत नाही. कारण त्याला प्रत्येक शब्द सोबतीसकट मिळाला. त्याच मुलाला इंग्रजी शब्द देताना मात्र आपण सोबत तोडून का देतो?

हे नवं फॅडही नाही. हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली टोकियोत, जपानी शाळांतल्या इंग्रजी शिकवणीसाठी, शब्दजोड्यांचा स्वतंत्र अहवालच काढला. परकी भाषा शिकणाऱ्याची खरी अडचण इथे आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पामर यांच्यासोबत काम केलेल्या हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश आपल्याकडच्या किती तरी घरांत आहे. शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून, हा विचार जे. आर. फर्थ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर भाषाशास्त्रात पक्का केला. ऑक्सफर्डने २००२ साली केवळ शब्दजोड्यांचा जाडजूड कोश काढला. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. इतक्या वर्षांत आपण शब्दार्थांच्या याद्यांपलीकडे किती सरकलो, हा प्रश्न धोरण आखणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

यासाठी तास वाढवायला नकोत. दहा सुट्या शब्दांऐवजी चारच शब्द द्या, पण जोड्यांसकट द्या. 'क्रीम' द्यायचं तर 'पोअर क्रीम', 'व्हिप क्रीम', 'फ्रेश क्रीम', 'अप्लाय अ क्रीम' असं द्या आणि प्रत्येक जोडी एका वाक्यात वापरून घ्या. परीक्षेत अर्थ विचारण्याऐवजी सोबत विचारा. वह्यांतल्या शब्दार्थांच्या दोन रकान्यांना तिसरा रकाना जोडा. खर्च काही नाही. फक्त शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी.

या वादात एक गोष्ट कुणी मोकळेपणी बोलत नाही, ती बोलायलाच हवी. ज्या घरांत इंग्रजी बोललं जातं, तिथल्या मुलांना या जोड्या नाश्त्याच्या टेबलावर, आई-वडिलांच्या बोलण्यातून फुकट मिळतात. त्यांना शाळेने शिकवल्या नाहीत तरी फरक पडत नाही. शेतकऱ्याच्या, रिक्षाचालकाच्या, गिरणगावातल्या कामगाराच्या मुलीला त्या शाळेशिवाय कुठेच मिळत नाहीत. शाळेने त्या नाकारल्या की तिच्यापुढचा तो एकच दरवाजा बंद होतो. पुढे मुलाखतीत तिचं व्याकरण बिनचूक असतं, शब्दसाठाही असतो, आणि तरी दोन वाक्यांत 'हिचं इंग्रजी शिकलेलं आहे' असं ठरवलं जातं. ते कशावरून ठरतं? शब्दांच्या सोबतीवरून. तेव्हा शब्दजोड्यांना श्रीमंती थाट म्हणून बाजूला सारणारे लोक गरिबांची बाजू घेत नाहीत. ते श्रीमंतांची मिरासदारी शाबूत ठेवतात.

म्हणून ठामपणे सांगायचं ते हे. सुटा शब्द म्हणजे अर्धं ज्ञान आहे. उरलेलं अर्धं त्याच्या सोबतीत असतं, आणि स्वयंपाकघरापासून दवाखान्यापर्यंत, कचेरीपासून मुलाखतीच्या खोलीपर्यंत कामाला येतं ते तेच. मराठी माध्यमातल्या मुलांना हे अर्धं ज्ञान देऊन बाकीचं 'आपोआप येईल' असं सांगणं ही फसवणूक आहे. ती थांबवा. शब्द शिकवायचे तर जोडीने शिकवा, पहिल्या इयत्तेपासून शिकवा, आणि ज्यांच्या घरात ते बोलले जात नाहीत त्यांना सर्वांत आधी शिकवा.